भाषण किंवा संहिता लिहिण्याआधीचा आराखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यान, वक्तृत्व स्पर्धा, माहितीपटाचं निवेदन, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं छोटं नाटुकलं, या सगळ्यांत एक अडचण सारखीच येते. माहिती भरपूर जमते, पण लिहायला बसलं की कुठून धरावं ते कळत नाही. ती सोडवण्यासाठी ही उत्तरं आहेत. बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतलं आहे: ‘नाशिककर गोदावरीचा पूर कसा मोजतो’ या विषयावरचं दहा मिनिटांचं भाषण.

आराखडा म्हणजे मुद्दे काढणंच ना?

नाही, आणि बरीचशी भाषणं याच गैरसमजात फसतात. मुद्दे काढताना आपण नावं लिहितो: ‘गोदावरीचा परिचय, पुराचा इतिहास, गंगापूर धरण, उपाययोजना, समारोप.’ ही यादी कुठल्याही नदीला चालेल. नाव बदलून तापीला लावली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. आणि तिच्यावरून तुम्हाला काय म्हणायचं आहे ते तुम्हालाही कळत नाही.

आराखड्यात पूर्ण वाक्यं असतात, म्हणजे विधानं. तोच विषय असा:

१. नाशिकमध्ये पुराची पट्टी, म्हणजे दुतोंड्या मारुतीची मूर्ती, घाटावरच उभी आहे आणि ती अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता येते.
२. धरण झाल्यावर पुराची बातमी क्युसेकमध्ये (पाणी वाहण्याच्या मापात) येऊ लागली, पण क्युसेक ऐकून पाणी आपल्या दारात येणार की नाही ते कळत नाही.
३. मारुती आणि क्युसेक या दोन्ही पट्ट्या शेजारी लावल्या, तर घाटावरच्या दुकानदाराला माल कधी हलवायचा ते वेळेत कळेल.

तपासायची खूण सोपी: प्रत्येक ओळीत क्रियापद आहे का? नसेल तर ती ओळ अजून नुसतं शीर्षक आहे. दुसरी खूण: तिच्यावर कुणी ‘हे मला पटत नाही’ म्हणू शकेल का? ‘गोदावरीचा परिचय’ याच्याशी कोण वाद घालणार?

वाचन किती झालं की आराखड्याला बसायचं?

वाटतं त्यापेक्षा बरंच आधी. तीन-चार चांगले स्रोत पाहून झाले की कच्चा आराखडा मांडा, भले तो चुकीचा असो. त्यामुळे पुढचं वाचन नेमकं होतं. काय शोधायचं ते ठरलेलं असलं की तीनशे पानांच्या पुस्तकातली बारा पानंच वाचावी लागतात. आराखडा नसेल तर सगळं महत्त्वाचं वाटतं आणि वही भरत जाते.

थांबायचं कधी, तर सलग दोन-तीन स्रोतांमधून नवं टिपण निघालं नाही की.

नाशिकच्या विषयांसाठी सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करणं बरं. १८४० सालची संस्था आहे, जुना संग्रह मोठा आहे. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड १८८३ चा आहे. तो वाचताना मात्र साल कायम डोळ्यांपुढे ठेवा. त्यातली नदी धरणाआधीची आहे. तिथलं पाण्याचं वर्णन आजचं म्हणून भाषणात आलं, तर पहिल्या रांगेतले निवृत्त अभियंते सोडणार नाहीत.

टिपणं वहीत काढायची की कार्डांवर?

कार्डांवर. वहीतली माहिती ज्या क्रमानं वाचली त्या क्रमात गोठते, आणि पुढे भाषणही त्याच क्रमानं होतं: आधी पहिल्या पुस्तकातलं, मग दुसऱ्यातलं. कार्डं पिसता येतात. विकतची तीन बाय पाच इंची कार्डं घ्या किंवा पाठकोऱ्या ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, काम तेच होतं. फक्त एकाच मापाचे करा, नाहीतर छोट्या चिठ्ठ्या मोठ्यांखाली दडतात.

एका कार्डावर एकच गोष्ट, आणि तिच्यासोबत चार नोंदी:

– माहिती, आपल्या शब्दांत, दोन-तीन ओळींत.
– कुठून घेतली, पान किंवा तारखेसह. ‘इंटरनेट’ हा स्रोत नव्हे.
– प्रकाराचं अक्षर वरच्या कोपऱ्यात: आकड्याला ‘आ’, प्रसंगाला ‘प्र’, दुसऱ्याच्या शब्दांना ‘अ’, ऐकीव गोष्टीला ‘सां’ म्हणजे ‘सांगतात’.
– कोणत्या विधानाला लागेल त्याचा क्रमांक, पेन्सिलीनं. तो बदलणारच.

आपल्या उदाहरणातलं एक कार्ड असं दिसेल:

*सां. पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायांशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला लागलं यावरून घाटावर पुराचा अंदाज घेतात. मूर्ती नदीपात्रातच आहे. स्रोत: घाटावरच्या तीन दुकानदारांशी बोलणं, तारीख अमुक. विधान १. (फोटो स्वतः काढायचा: मूर्ती कोरडी असताना.)*

दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, तर अवतरणचिन्ह त्याच क्षणी घाला. पंधरा दिवसांनी ते वाक्य आपलं की पुस्तकातलं, हे सांगता येत नाही. उसनं वाक्य आपलं म्हणून व्यासपीठावर जातं ते बहुतेक वेळा असंच.

दहा मिनिटांच्या भाषणाला चाळीस ते साठ कार्डं होतात, वापरली जातात वीस-पंचवीस. उरलेली वाया जात नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे.

या ढिगातून आराखडा निघतो कसा?

सतरंजी अंथरा, पंखा बंद करा (गंमत नाही, एका झुळकीनं तासाभराचं काम उडतं) आणि सगळी कार्डं उताणी मांडा. दीड तास सलग हवा.

आधी जी कार्डं एकमेकांजवळ जावीशी वाटतात ती जवळ न्या. शीर्षकं ठरवून त्यांखाली कार्डं टाकू नका. तसं केलं की पुन्हा ‘इतिहास, भूगोल, समस्या, उपाय’ हेच चार खण तयार होतात. ढीग आपोआप पडू द्या. साधारण पाच ते आठ होतील.

मग प्रत्येक ढिगाला विचारा, ‘हे सगळं मिळून काय सांगतंय?’ उत्तर एका वाक्यात वेगळ्या रंगाच्या कागदावर लिहून ढिगावर ठेवा. वाक्य येत नसेल तर त्या ढिगात दोन वेगळ्या गोष्टी अडकल्या आहेत किंवा काहीच नाही. दोन्ही वेळा ढीग मोडायचा.

आता वाक्यांचे कागद तेवढे उचलून ओळीनं लावा आणि मोठ्यानं वाचा. दोन वाक्यांच्या मध्ये कुठला शब्द येतो ते पाहा. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’, ‘त्याआधी’ असे शब्द येत असतील तर सांधा बसला. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘आणखी एक गोष्ट म्हणजे’ येत असेल तर ती वाक्यं नुसती शेजारी ठेवली आहेत, जोडलेली नाहीत. वर दिलेल्या तीन विधानांत पहिल्या-दुसऱ्यात ‘पण’ आहे, दुसऱ्या-तिसऱ्यात ‘म्हणून’. एवढ्यावर दहा मिनिटं उभी राहतात.

शेवटी काटछाट. ज्या विधानाखाली दोनपेक्षा कमी कार्डं आहेत ते कच्चं आहे: आणखी शोधा किंवा काढा. ज्याखाली दहा आहेत त्यातली चांगली चार ठेवा.

कालक्रमानं सांगणं सर्वांत सोपं नाही का?

लिहिणाऱ्याला सोपं, ऐकणाऱ्याला कंटाळवाणं. कालक्रमात ‘मग काय झालं’ एवढाच धागा असतो, आणि पहिली दोन मिनिटं नेहमी पार्श्वभूमीत जातात. श्रोता नेमका तेव्हाच ताजा असतो.

काळाराम मंदिर सत्याग्रहाचं उदाहरण घ्या. कालक्रमानं सुरुवात होईल २ मार्च १९३० पासून: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची संघटना, बंद दरवाजे, वर्षामागून वर्षं. हे सगळं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. याउलट १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्यातल्या धर्मांतराच्या घोषणेपासून सुरुवात केली, तर पहिल्याच मिनिटाला प्रश्न उभा राहतो: मंदिराचं दार उघडा म्हणून सत्याग्रहाला बसलेली माणसं साडेपाच वर्षांत तो धर्मच सोडायच्या निर्णयाला कशी आली? आता १९३० कडे मागे जाणं ही पार्श्वभूमी राहत नाही, ते उत्तर होतं. तारखा त्याच, कार्डंही तीच. फक्त शेवटचा ढीग पुढे आला.

आपल्याकडे याहून जुना आणि पक्का नमुना घरातच आहे. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग असतो: एक अभंग घेऊन त्याचं निरूपण. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे तेच तत्त्व एका गोष्टीतून. बुवा आख्यानात कितीही लांब गेले तरी परत त्या अभंगाच्या चरणावर येतात. भाषणाच्या आराखड्याला हा साचा चपखल बसतो: एक वाक्य धरा, ते उलगडा, मग एका प्रसंगातून दाखवा. फक्त पूर्वरंग लांबवू नका. सभागृहातल्या श्रोत्याकडे कीर्तनाच्या श्रोत्याइतका वेळ नसतो.

कालक्रम जिथे खरंच लागतो तिथे तो एका विधानाच्या पोटात वापरा, सबंध भाषणाला नको.

किती वेळात किती विधानं बसतात?

माईकवर, थांबे आणि टाळ्या धरून, मराठीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. तुमचा स्वतःचा वेग काढा: तीनशे शब्दांचा उतारा उभं राहून मोठ्यानं वाचा आणि घड्याळ लावा. बसून मनात वाचलेलं धरू नका, ते दीडपट-दुप्पट वेगानं होतं.

दहा मिनिटं म्हणजे १,००० ते १,२०० शब्द. वाटणी अशी: सुरुवात एक मिनिट, तीन विधानांना प्रत्येकी अडीच, शेवट एक, आणि अर्धं मिनिट शिल्लक. ते अर्धं मिनिट ‘व्यासपीठावरील मान्यवर’ खाणारच आहेत. वक्तृत्व स्पर्धेत पाच-सात मिनिटंच असतील तर दोन विधानं पुरे. तासाभराच्या व्याख्यानालाही पाचाच्या वर जाऊ नका. जास्तीचा वेळ प्रसंगांना द्या.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. संगणकाच्या शब्दमोजणीत ‘५,६३०’ हा एक शब्द असतो, तोंडात तो ‘पाच हजार सहाशे तीस’ होतो. आकडेवारीचं भाषण नेहमी वेळेबाहेर जातं त्याचं हे एक कारण.

माझ्याकडे आकडेच खूप आहेत. काय करू?

एका विधानाला एक आकडा. बाकीचे खाली ‘विचारलं तर’ म्हणून ठेवा. १९६९, २००८, २०१६, २०१९ असे चार पूर एका दमात सांगितले तर श्रोता एकही साल घरी नेत नाही. त्यातलं एक घ्या, ज्याच्याबद्दल तुमच्याकडे प्रसंग आहे असं, आणि त्यावर दोन मिनिटं थांबा.

मग निवडलेला आकडा ऐकणाऱ्याला पेलेल असा करा, आणि हे काम आराखड्यातच उरका. भाषण लिहिताना हिशेबाला बसलात तर लिहिण्याची लय तुटते. ‘१०,००० क्युसेक विसर्ग’ हे पावसाळ्यात रोज कानांवर पडतं, डोळ्यांसमोर मात्र काही येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. म्हणजे १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

याच विषयातली नेहमीची चूक म्हणजे टीएमसी आणि क्युसेक यांची सरमिसळ. टीएमसी हा साठा आहे, अब्ज घनफुटांत. क्युसेक हा वाहण्याचा वेग. ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. गंगापूर धरणाची क्षमता सुमारे ५.६ टीएमसी आहे. हे दोन आकडे दोन कार्डांवर ठेवा आणि कार्डावर एकक आकड्याइतकंच ठळक लिहा. ‘धरणातून पाच टीएमसीनं पाणी सोडलं’ असं वाक्य भाषणात जातं ते एकक न लिहिलेल्या कार्डामुळे.

दोन पुस्तकांत दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या तर?

दोन्ही कार्डं एकाच टाचणीनं जोडा आणि लाल खूण करा. ती खूण असेतोवर ती माहिती कुठल्याही विधानाचा एकमेव आधार होता कामा नये. घटनेच्या जवळच्या काळातली नोंद साधारणपणे वरचढ. नंतरच्या दहा पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवलेलं असेल तर ते दहा स्रोत नव्हेत, एकच. निकाल लागलाच नाही तर ढोबळ बोला: तारीख सोडून महिना, महिना सोडून दशक.

‘सां’ कार्डांचा धोका वेगळा आहे. गोदाघाटावरच्या नारोशंकर मंदिराची घंटा घ्या. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर ती पोर्तुगीजांकडून आली, ही हकीकत नाशिकमध्ये घरोघरी माहीत आहे. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर, हेही. कार्डावर तुम्ही ‘सांगतात’ लिहिता. आराखड्यात जागा कमी, म्हणून ते गळतं. संहितेत ‘घंटेला पाणी लागतं’ असं सरळ वाक्य येतं, आणि व्यासपीठावर त्याचं ‘इतिहास साक्ष आहे’ होतं. तीन पायऱ्यांत ऐकीव गोष्ट पुरावा बनली. म्हणून ‘सां’ हे अक्षर आराखड्यातही त्या ओळीसमोर उतरवा आणि शेवटच्या संहितेत ‘असं सांगतात’ हे शब्द दिसतात का ते पाहा. या दोन शब्दांनी भाषणाचं वजन कमी होत नाही. उलट पुढचा आकडा सांगताना लोक विश्वास ठेवतात.

सुरुवात आणि शेवट आराखड्यात कधी लिहायचे?

सगळ्यांत शेवटी. मधली विधानं पक्की होईपर्यंत कुणाची ओळख करून द्यायची तेच ठरलेलं नसतं. सुरुवातीसाठी, भाषणात वापरलेल्या कार्डांतलं सर्वांत डोळ्यांसमोर येणारं एक घ्या (इथे अर्थातच मारुती) आणि ते पहिल्या विधानातून काढून वर न्या. दोन्हीकडे ठेवलंत तर पुनरुक्ती होते. शेवटासाठी नवी माहिती आणू नका आणि कवितेची ओळ चिकटवायचा मोहही टाळा. नाशिकच्या व्यासपीठावर कुसुमाग्रजांच्या ओळी येतातच. त्या विषयाशी जोडलेल्या नसतील तर समोरचे लोक ओठांतल्या ओठांत आधीच पूर्ण करतात आणि तुमचं शेवटचं वाक्य कुणी ऐकत नाही.

माहितीपटाला हाच आराखडा चालतो का?

विधानं तीच, पण कागद उभा दुभागायचा: डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. मग दोन स्तंभ आणखी जोडा, ‘कुठे’ आणि ‘कधी’.

नाशिकच्या पांडवलेण्यांवर आठ मिनिटांचा माहितीपट करायचा आहे असं धरू. विधान: ‘एकाच डोंगरात दोन प्रतिस्पर्धी घराण्यांनी आपली दानं कोरून ठेवली.’ ऐकू येणारी बाजू सहज भरते: दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाच्या काळातले, त्याचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख, तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख. दिसणाऱ्या बाजूला काय? अक्षरं उठून दिसायला बाजूनं प्रकाश हवा. तिथे ‘लेख दिसतो’ असं लिहून भागत नाही. ‘तिसरं लेणं, लेखाची एक ओळ जवळून, बाजूनं दिवा’ असं लिहावं लागतं. ‘कुठे’च्या स्तंभात परवानगीही येते. स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असल्यानं चित्रीकरणाचं आधी विचारून घ्यावं लागतं. आराखड्यात हे दिसलं नाही तर ते डोंगर चढून गेल्यावर दिसतं.

डावा रकाना रिकामा राहिला तर ते विधान सिनेमाचं नाही, लेखाचं आहे. वगळा किंवा त्याला चित्र शोधा.

‘कधी’ हा स्तंभ नाशिकमध्ये फार महत्त्वाचा. पुराचं दृश्य पावसाळ्यातच मिळतं. द्राक्षांवर काम करत असाल तर एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी आणि त्यानंतर साधारण चार महिन्यांनी येणारी काढणी यांचं वेळापत्रक तुमच्यासाठी थांबत नाही. डिसेंबरात आराखडा केला आणि पहिलंच दृश्य छाटणीचं असलं, तर पुढच्या हंगामापर्यंत बसा.

निवेदन एकूण लांबीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. आठ मिनिटांना ४५० शब्द पुष्कळ झाले. मुलाखतींची उत्तरं आराखड्यात लिहू नका. ‘यांच्याकडून विधान २ साठी एक प्रसंग हवा’ एवढंच लिहा. उत्तरं आधी लिहिली की माणसांकडून तीच वदवून घ्यायचा मोह होतो, आणि ते पडद्यावर लगेच कळतं.

कागद नको, संगणकावर करायचं आहे.

करा. वर्डमध्ये प्रत्येक विधानाला हेडिंगची शैली द्या, म्हणजे डावीकडच्या नेव्हिगेशनच्या पट्टीत सबंध सांगाडा दिसतो आणि तिथूनच विधानं वर-खाली ओढता येतात. ऑल्ट आणि शिफ्ट दाबून वरचा-खालचा बाण वापरला की परिच्छेद जागचा हलतो. गूगल डॉक्समध्येही हेडिंगवरून बाह्यरेखा बनते, शिवाय मराठीत बोलून टंकता येतं. घाटावर माहिती घेताना त्याचा उपयोग होतो, पण नावं आणि आकडे नंतर तपासायलाच हवेत.

जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला आणि चिवडा झाला, तर तो बहुधा युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाही. फॉन्ट बदलून पाहण्यात वेळ घालवू नका. दोन ओळी असतील तर हातानं टंका, जास्त असेल तर रूपांतरक वापरा आणि जोडाक्षरं एकेक पाहा.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले संदेश हा आराखडा नव्हे. ती नुसती वही झाली, तीही तळ न सापडणारी.

चॅटबॉटकडून आराखडा घेतला तर?

बहुतेक वेळा शीर्षकांची यादी मिळते: परिचय, महत्त्व, आव्हानं, उपाय, निष्कर्ष. पहिल्याच उत्तरात सांगितलेला आजार. त्यापेक्षा तुमची विधानं त्याला द्या आणि ‘यांवर कोणते आक्षेप येतील’ ते विचारा. हा उपयोग चांगला. त्यानं दिलेलं साल, नाव, अवतरण मात्र कार्डावर येण्याआधी छापील स्रोतात दिसलंच पाहिजे.

क्रमांक कसे द्यायचे? १, १.१ की अ, ब, क?

काहीही चालेल, फक्त दोन पातळ्यांवर थांबा. १.२.३.१ पर्यंत गेलेला आराखडा प्रबंधाला शोभतो. कानाला तिसरी पातळी ऐकूच येत नाही.

उत्स्फूर्त स्पर्धेत चिठ्ठी उचलल्यावर पाचच मिनिटं मिळतात. तेव्हा?

तीन ओळी. पहिली: माझं म्हणणं काय. दुसरी: एक प्रसंग. तिसरी: समोरचा काय म्हणेल आणि माझं उत्तर. पहिलं मिनिट काहीही न लिहिता विचार करा. शेवटच्या मिनिटात फक्त पहिलं वाक्य पाठ करा, बाकीचं तोंडात येतं.

व्यासपीठावर आराखडा न्यावा का?

न्यावा, पण नव्यानं लिहून. एका विधानाला एक कार्ड, त्यावर सात-आठ शब्दांपेक्षा जास्त नाहीत, अक्षर हातभर अंतरावरून दिसेल एवढं. पूर्ण वाक्यं फक्त चार ठिकाणी: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, अवतरणं आणि आकडे एककांसह. कार्डांना ठळक क्रमांक द्या आणि कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेसारखा उघड्यावरचा कार्यक्रम असला की संध्याकाळचा वारा सुटे कागद पहिल्या रांगेत नेऊन पोचवतो. मागच्या बाजूला काही लिहू नका. उलटायचं राहून जातं.

उरलेल्या कार्डांचं काय?

एका पाकिटात, ‘प्रश्नोत्तरं’ असं लिहून. व्याख्यानानंतर येणारे प्रश्न बहुधा तुम्ही वगळलेल्या गोष्टींवरच असतात. निघण्याआधी पाकीट एकदा चाळा.

आराखडा चांगला होता, पण लिहिताना भलतीकडेच गेलो. आराखडा सोडू की मजकूर?

आधी पाहा काय झालंय. मजकूर छापून घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो परिच्छेद प्रत्यक्षात काय म्हणतो ते एका वाक्यात लिहा. आपल्याला काय म्हणायचं होतं ते लिहू नका. आता समासातली वाक्यं आणि मूळ आराखडा शेजारी ठेवा. समासात तेच वाक्य दोनदा आलं तर एक परिच्छेद जातो. एखादं वाक्यच सुचत नसेल तर तो परिच्छेद माहिती दाखवण्यासाठी लिहिला गेलाय. आणि समासातला क्रम आराखड्यापेक्षा सरस वाटला, तर आराखडा बदला, मग पुन्हा लिहा. आराखडा न बदलता मजकुरातच ठिगळं लावत गेलं की सांधे निखळतात.

आयोजकांनी आयत्या वेळी वीस मिनिटांची आठ केली. कुठे कापायचं?

हे घरीच ठरवून ठेवायचं असतं. आराखड्यात जे विधान काढल्यावरही बाकीची ‘म्हणून’ किंवा ‘पण’नं जोडता येतात, त्याच्याभोवती आधीच चौकट करा. आपल्या उदाहरणात दुसरं काढता येत नाही, कारण तिसरं त्याच्यावर उभं आहे. पहिलं विधान आखडून सुरुवातीतच विरघळवता येतं: मारुतीपाशी सुरू करा, दोन वाक्यांत पट्टी समजावून सांगा आणि थेट टँकरवर या. वेग वाढवून सगळं बसवायला जाऊ नका. मान्यवरांची नावंही गाळा, ती सूत्रसंचालकांनी नुकतीच घेतलेली असतात.